‘सोपा’ सरडा

पिग्मी शॅमेलिऑन बोटाएवढा. म्हणून तो ‘नवशिक्यांसाठी बेस्ट’. इंदिरानगरात, जिथे सोसायटी कुत्र्याचं नाव काढलं तरी नाक मुरडते, तिथे हे वाक्य गोड लागणारच. भुंकणं नाही, फिरवणं नाही. पण हे वाक्य नाशिकमध्ये खोटं आहे.

ते आलंय थंड देशांतून. तिथे बहुतेक सापा-सरड्यांना दिव्याची ऊब द्यावी लागते. पूर्व आफ्रिकेतल्या जंगलात पालापाचोळ्यात राहणाऱ्या या जिवाला मात्र विशी-पंचविशीतलं तापमान आणि ओलसर हवा लागते. म्हणजे त्यांच्या दिवाणखान्यातलंच तापमान. म्हणून ‘सोपा’, आणि तेही बाकीच्या शॅमेलिऑनच्या तुलनेत! आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. एसी लावला तर हवा आणखी कोरडी, लाइट गेली तर पेटीची भट्टी. इवल्याशा अंगात तग धरायला असतं किती?

शिवाय वाटीतल्या पाण्याकडे तो सहसा बघत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. खाणार जिवंत, तेही बारीक: फळमाश्या, रातकिड्यांची पिल्लं. म्हणजे सरड्याबरोबर त्याचं जेवणही पाळा. हातात घेऊन रील काढाल तर तो घाबरतो. (रंग बदलायची अपेक्षाही सोडा, बहुतेक वेळ तो सुकलेल्या पानासारखाच दिसतो.)

आता विकणाऱ्यांबद्दल. यातले कित्येक जंगलातून पकडलेले असत, म्हणूनच २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या पिग्मी शॅमेलिऑनचा व्यापार सायटीस करारानं नियंत्रणाखाली आणला. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगायचा तर ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. तो मेला तरी कळवावं लागतं. ‘कागदाचं बघू नंतर’ म्हणणारा माणूस तुम्हाला प्राणी नाही, गुन्हा विकतोय. आणि ‘मग आपला देशी सरडगुहिराच आणू’ म्हणाल, तर त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बिनविषारी असून विषारी समजून मारला जातो तो, त्यात पेटीची भर नको.

एवढं ऐकूनही हौस उरलीच, तर आधी नुसती पेटी आणा. माती, पाला, झाडं, तापमान आणि ओलाव्याचं मीटर. एप्रिल-मे रोज दुपारी दोनला आकडे लिहा, रातकिडे जगवून दाखवा. एकदा दोन दिवस गावाला जा आणि येऊन मीटर बघा. जूनमध्ये विक्रेत्याला फोन करा, आणि किंमत विचारायच्या आधी नोंदणीचे कागद मागा.