चौलच्या रयतेची वंशावळ

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी कुलवृत्तांताचा एखादा जाडजूड ग्रंथ असेल. साध्या कुणब्याने मात्र आपले पूर्वज कोठे शोधावे? रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावी आम्हांस याचे एक उत्तर मिळाले. इ. स. 1740 त चौल पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले. अधिकारी निघून गेले. येथील कष्टकरी ख्रिस्ती रयत मागे राहिली. तिचा कुलवृत्तांत कोण छापणार? परंतु पोर्तुगीजातून निपजलेली व मराठीच्या वळणाने चालणारी तिची बोली घरोघर टिकली. तीस ते लोक ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. हेच त्यांचे दप्तर! मुले आता मराठी शाळेत जातात. आम्ही ज्या ओटीवर बसलो होतो, तेथे आजी त्या बोलीत विचारी आणि नातू मराठीत उत्तर देई.