दोन टोकं, एक भाषा

घरात मराठी, लोकलमध्ये हिंदी, ऑफिसच्या मेलमध्ये इंग्रजी. आपण डोंबिवलीकर दिवसाला तीन भाषा सहज खपवतो. मग मोबाइल ॲप एका भाषेत आणि त्याचा सर्व्हर दुसऱ्या भाषेत असला, तर बिघडलं कुठे? मीही हेच म्हणायचे. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टने डोक्याला शॉट दिला.

मैत्रिणीच्या आईचं डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांच्यासाठी आम्ही दोघींनी डब्याच्या ऑर्डरचं ॲप केलं. ॲप कोटलिनमध्ये, कारण मला ते येत होतं. सर्व्हर पायथनमध्ये, कारण तिला ते येत होतं. 'ऑर्डर सकाळी दहापर्यंत' हा साधा नियम आम्ही दोन ठिकाणी, दोन भाषांत लिहिला. पुढे काकूंनी वेळ साडेनऊ केली. मैत्रिणीने सर्व्हर बदलला, मी ॲप बदलायला विसरले. पावणेदहाला ॲप म्हणायचं 'चालेल', सर्व्हर म्हणायचा 'नाही'. शिव्या मात्र काकूंना! त्यातच मैत्रीण आजारी पडली आणि सर्व्हरचा कोड मला धड वाचताही येईना.

मग सुट्टीत आम्ही सर्व्हरही कोटलिनमध्येच, केटॉर वापरून, नव्याने लिहिला. वेळ, दर, ऑर्डरचा साचा हे सगळं आता एकाच ठिकाणी. दोन्ही टोकं तोच कोड वापरतात आणि एक जण नसली तरी दुसरीचं अडत नाही.

ही काही आमची आयडिया नव्हे. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट २००९ मध्ये नोडमुळे सर्व्हरवर पोचली आणि २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्हमुळे मोबाइल ॲपमध्ये. कोटलिनला गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली. पण एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडत असल्याचं जाहीर केलंच ना? केलं. त्यांच्याकडे अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळ्या टीम होत्या. आपल्याकडे दोन माणसं आणि एक लॅपटॉप असतो. त्यांचा हिशोब आपल्याला लागू पडत नाही.

मात्र भाषा एक झाली म्हणून काम एक होत नाही. डेटाबेस, लॉगिनची सुरक्षा, एकाच वेळी आलेल्या पन्नास ऑर्डर हे सगळं वेगळं शिकावंच लागतं. शिवाय ज्याने ॲप अपडेट केलेलं नाही, त्याच्या फोनवर जुनाच नियम चालू असतो. म्हणून ॲपने काहीही सांगितलं, तरी शेवटचा शब्द सर्व्हरचाच हवा. आणि आधी हेही विचारा, सर्व्हर खरंच हवाय का? एम-इंडिकेटरमधलं लोकलचं टाइमटेबल नेट नसतानाही दिसतं, म्हणून तर बोगद्यातही कामाला येतं.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या क्लासच्या बोर्डांवर पाच-पाच भाषांची नावं असतात. सगळ्यांची तोंडओळख करून घेण्यापेक्षा एक भाषा नीट शिका आणि तिच्यात दोन्ही टोकं बांधून बघा. दुसरी भाषा गरज पडेल तेव्हा शिकता येते.

परवा काकूंनी वेळ पुन्हा बदलली, सव्वानऊ. आम्ही एकच ओळ बदलली. काकूंना एकही फोन आला नाही असं नाही, पण आला तो भाजीत मीठ कमी होतं म्हणून!