तारीख घेतली, मावशी



माझा भाचा जिल्हा न्यायालयात वकिली करतो. गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात तो आमच्याकडे राहायला होता. ताटावरून अर्धवट उठायचा. मला वाटलं, पोरगा पर्वाचं काही पाळतोय. मनातून कौतुकच केलं. पर्व संपलं तरी जेवण वाढेना. रात्री तीनला गॅलरीत उभा दिसायचा. फायलींची दोरी सोडलेली नसायची, पक्षकारांचे फोन वाजत राहायचे. विचारलं की एकच उत्तर, "तारीख घेतली, मावशी."

मी म्हणाले, "रोज एक सामायिक कर, मन शांत होईल." ही माझी चूक. सामायिक चांगलंच, पण मधुमेहाच्या माणसाला आपण गोळ्या सोडून नुसतं सामायिक करायला सांगतो का?

एखादी केस हरल्यावर चार दिवस वाईट वाटणारच. पण दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. अमेरिकेत २०१६ साली सुमारे १२,८०० वकिलांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात २८ टक्के जणांत नैराश्याची लक्षणं आढळली. मला नवल वाटलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं अंगावर घ्यायची, आणि नव्या वकिलाच्या मिळकतीचा तर काही नेमच नसतो. मी कॉमर्सवाली, हा हिशेब मला लगेच कळतो.

आमचा भाचा मात्र डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. "बातमी फुटली तर कोण वकीलपत्र देईल?" कायदा शिकलेला मुलगा, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय हे त्याला मी आठवण करून द्यायचं! शेवटी टेली-मानसच्या १४४१६ वर फोन लावून दिला. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

"जीव नकोसा वाटतो का?" हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

आणि बहिणीला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, "कर्माचा उदय" म्हणून गप्प बसू नका. औषधदानाला आपल्यात दान म्हटलंय, मग घरच्याच मुलाच्या औषधाची लाज कसली?

गोळीचा गुण यायला काही आठवडे लागले. मधेच मनाने बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. भाचा सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, तेही मी त्यांना सांगून टाकलं. ते हसले आणि त्याची गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर लिहून दिली.