वाघिणीला रंग लावण्याआधी

वॅगन हा शब्द मराठीत आला तो वाघीण होऊन. मालधक्क्यावरच्या माणसांनी तो घडवला, वर्तमानपत्रांनी उचलला, आणि आज ‘खतासाठी वाघिणी कमी पडल्या’ असे वाचताना कुणाला त्यात काही वेगळे वाटत नाही. इंजिनाला मात्र आपण इंजिनच म्हणत राहिलो. तरी जतन करायची वेळ आली की सारे लक्ष इंजिनाकडे जाते, त्याला चौथरा मिळतो, आणि वाघीण भंगाराच्या लिलावात निघते. कापूस, ज्वारी, गूळ, खत, मीठ ज्यांनी वाहिले त्या डब्यांपैकी फार थोडे आज शिल्लक आहेत. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

मध्यंतरी एका जंक्शनच्या आवारात नॅरोगेजच्या दोन वाघिणी पाहिल्या. एक स्टेशनच्या दारात, रुळाच्या दोन तुकड्यांवर उभी. निळा-पिवळा चकचकीत तैलरंग, अंगावर वारली चित्रे. मुले तिच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेत होती. दुसरी शेडच्या मागे घाणेरीच्या झुडपांत. तळाच्या फळ्या कुजलेल्या, दारावर गंजाचे पापुद्रे. पण त्या पापुद्र्यांमधून पांढऱ्या रंगात लिहिलेला क्रमांक, रिकाम्या डब्याचे वजन आणि शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख अजून वाचता येत होती. पहिलीवर यातले एक अक्षरही उरले नव्हते. पहिली टिकेल. दुसरी पाच-सहा पावसाळ्यांत संपेल. आणि तरी सांगण्यासारखे काही होते ते दुसरीकडेच.

रंगवून वाचवायचे, की जसे आहे तसे राखायचे? दोन्ही बाजूंनी मनापासून बोलणारी माणसे आहेत आणि दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

उदाहरण बार्शी लाइटचे घेऊ, कारण त्या रेल्वेच्या इतिहासात मालडब्याला इंजिनाइतकेच महत्त्व आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीची ही लाइन बार्शीपासून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, १८९७ मध्ये सुरू केली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च आटोक्यात राहतो. पण हलक्या रुळांवर पुरेसा माल न्यायचा तर डबा स्वतः हलका आणि तरी दणकट हवा. म्हणून लाकडी सांगाड्याऐवजी दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे आणि बोग्या लीड्स फोर्ज कंपनीकडून करून घेतल्या गेल्या. पंचवीस फूट लांबीचे हे डबे इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या न्यूले इथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर आधी चालवून दाखवले गेले आणि मगच सोलापूर जिल्ह्यात आले. त्या काळी अरुंद रेल्वेच्या जगात हा मोठा प्रयोग होता. त्याचा पुरावा जितका कागदांत आहे तितकाच त्या पत्र्यांच्या वळणांत आणि रिबेटांच्या रांगांत आहे.

कंपनीची रेल्वे १९५४ मध्ये सरकारकडे आली. डब्यांवरची कंपनीची अक्षरे पुसून मध्य रेल्वेची आली. २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने सारी लाइन ब्रॉडगेज झाली आणि छोट्या गाडीचे काम संपले.

आता रंगवणाऱ्यांची बाजू. ती नुसत्या हौसेची नाही. लोखंड उघडे राहिले की पाऊस त्याला सोडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे एकावर एक बसवलेल्या दोन पत्र्यांमध्ये तो फुगत जातो, पत्रे एकमेकांपासून दूर रेटतो आणि शेवटी रिबेटाचे डोके उडते. हे एकदा सुरू झाले की नुसते कौतुकाने पाहत राहणे म्हणजे डबा मरू देणे. दुसरे असे की गंजलेले रूप हे वाघिणीचे खरे रूप कधीच नव्हते. चालत्या काळात ठरलेल्या मुदतीने ती कारखान्यात जाई, तिथे तिचे आस, ब्रेक, पत्रे तपासले जात, आणि बाहेर पडताना अंगावर ताजा रंग व नवी तारीख असे. ज्या फिटरने आणि रंगाऱ्याने चाळीस वर्षे हे काम केले त्याला गंजका डबा ‘अस्सल’ म्हणून दाखवला तर त्याला वाईट वाटेल, आणि त्याचे वाईट वाटणे रास्त आहे. तिसरी गोष्ट सर्वांत व्यवहाराची. दिसायला नीटनेटकी असलेली वस्तू लोक सांभाळतात. झुडपांत पडलेल्या लोखंडाचा वजनावर भाव होतो.

हे सारे मान्य करूनही दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. रंग झाकतोही, हे आपण विसरतो.

१९२१ च्या नोव्हेंबरात मलबारमधल्या तिरूर स्टेशनावर सुमारे शंभर कैद्यांना एका बंद मालडब्यात कोंडून रात्रीच्या गाडीने पाठवले गेले. पोदनूरला दार उघडले तेव्हा आत प्रेतांचा खच होता. एकूण सत्तरच्या आसपास माणसे गुदमरून गेली. डब्याला हवेसाठी जाळ्या होत्या, पण त्यांची छिद्रे रंगाने आणि धुळीने बुजलेली होती, असे चौकशीत समोर आले. रंगाचे एकावर एक थर चढवताना कुणी जाळीकडे पाहिले नव्हते. तो डबा पुढे कुणी ‘सुंदर’ करून उभा केला असता, जाळी खरवडून स्वच्छ केली असती, तर त्या रात्रीचा सर्वांत बोलका पुरावा कामगाराच्या ब्रशखाली गेला असता, आणि तोही चांगल्या हेतूने.

प्रत्येक वाघिणीत असा इतिहास नसतो. पण तिच्या अंगावर काय आहे हे पाहण्याआधीच ते खरवडले, तर काय होते ते कळण्याचा मार्गच उरत नाही. ब्रिटिश काळात यात्रेच्या दिवसांत अनेक रेल्वेंवर यात्रेकरूंना मालडब्यांत भरून नेत आणि त्याविरुद्ध तक्रारी होत. पंढरीच्या वाटेवरच्या डब्याच्या आत कुणी काही कोरले असेल, एखाद्या दुरुस्तीत जास्तीची कडी बसवली असेल, तर ते नव्या पुट्टीखाली जाता कामा नये.

इथे आपल्याच अनुभवातली एक गोष्ट आठवते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढत गेले. २०२२ मध्ये ते थर काळजीपूर्वक उतरवले तेव्हा एक हजार किलोंहून जास्त शेंदूर निघाला आणि त्याखालचे मूळ रूप लोकांनी पाहिले. थरांनी ते रूप झाकले होते, आणि झाकून जपलेही होते. वाघिणीशी याचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि लोखंडावरचा पहिला हात म्हणून जगभर हेच द्रव्य कित्येक दशके वापरले गेले. त्यावरचा तांबूस-तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपला गेरूच. वाघिणीच्या रंगाचे पुट पापुद्र्यासारखे निघाले तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. शेंदूर, गेरू, मळ, पुन्हा शेंदूर, पुन्हा गेरू, असे थर मोजता येतात. एकेक थर म्हणजे कारखान्याची एकेक फेरी.

म्हणून वाळूचा मारा करून डबा एका दिवसात ‘पांढरा’ करण्याच्या पद्धतीला माझा स्पष्ट विरोध आहे. त्यात थर जातात आणि पातळ झालेला पत्राही जातो. शिवाय जुन्या रंगातले शिसे धूळ होऊन कामगाराच्या छातीत आणि आवारात खेळणाऱ्या मुलांच्या हातावर बसते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. त्याआधीचा प्रत्येक जुना थर विषारी असू शकतो असे धरूनच काम केले पाहिजे. ओला करून, हाताने, तोंडाला योग्य मुखपट्टी लावून, आणि पडलेले कण गोळा करून.

मग डबा कोणत्या सालाचा दाखवायचा? १८९७ चा, कंपनीच्या अक्षरांसह? की मध्य रेल्वेच्या काळातला, जो आज साठी-सत्तरीत असलेल्यांच्या आठवणीत आहे? मूळ रूपाचे आकर्षण मी समजू शकतो. कॅलथ्रॉपचा प्रयोग सांगायचा तर त्याच्या काळातले रूप हवेसे वाटते. पण १८९७ चा रंग नक्की कोणत्या छटेचा होता हे त्या डब्यावर सापडले नाही, तर आपण केवळ अंदाज रंगवत असू. वास्तूंच्या जतनाबाबत १९६४ मध्ये ठरलेली व्हेनिस सनद इथे वाट दाखवते: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबली पाहिजे, आणि वेगवेगळ्या काळांनी वस्तूत घातलेली भर आदराने राखली पाहिजे. चालत्या जुन्या रेल्वेंसाठी युरोपातल्या संस्थांनी पुढे जी रीगा सनद केली तीही याच धर्तीवर आहे. आपल्या घरातली वाकळ पाहिली तरी हे समजते. ठिगळ लावणारी बाई खालचे कापड फाडून टाकत नाही, आणि ठिगळ जुने असल्याचा आवही आणत नाही.

रिबेटांचेही तेच. तुटलेल्या रिबेटाच्या जागी वेल्डिंग करणे सोपे आणि स्वस्त, पण मग डब्याची बांधणीच खोटी ठरते. जिथे शक्य तिथे रिबेट, नाहीतर गोल डोक्याचा बोल्ट, आणि नव्या भागावर आतल्या बाजूने साल कोरलेले. हे जाणणारे हात अजून आहेत. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज कारखान्यात माथेरानच्या गाडीचे डबे आजही दुरुस्तीला येतात. बार्शी लाइट गेली, पण तिच्या कारखान्यातले कसब पूर्ण गेलेले नाही. ठेकेदाराला ‘सुशोभीकरणा’चे काम देण्याआधी त्या माणसांना विचारावे.

डबा पुन्हा रुळावर चालवण्याचा आग्रह कुणी धरतात. बोगी, आस आणि ब्रेक चालण्याजोगे करायचे तर इतके भाग बदलावे लागतात की उरलेला डबा नावापुरताच जुना राहतो. फिरायला नवा बनवावा, जुना उभा राहू द्यावा.

माझे मत असे पडते. पहिला पैसा रंगाला नव्हे, छपराला. साध्या पत्र्याची चारी बाजूंनी उघडी शेड आणि खाली पाणी न साचणारी खडी, एवढ्याने वाघिणीचे आयुष्य कुठल्याही महागड्या रंगापेक्षा जास्त वाढते. छप्पर नसेल तर मोठे पुनरुज्जीवन हाती घेऊ नये. सैल गंज हाताने काढून संरक्षक तेल किंवा मेण लावून थांबावे. त्यानंतर नोंद: चारही बाजूंची छायाचित्रे, प्रत्येक अक्षराची मोजमापे, थरांचे नमुने. मग रंग जरूर लावावा, पण तिच्याच अंगावर सापडलेल्या शेवटच्या चालत्या काळाचा, त्याच मळकट गेरूचा, आणि अक्षरे हाताने रंगवलेली. एक दार मात्र, किंवा निदान हातभर रुंदीची एक पट्टी, न खरवडता पारदर्शक लेपाखाली तशीच ठेवावी. निळ्या-पिवळ्या चित्रांना जागा हवी असेल तर स्टेशनच्या कुंपणाची भिंत आहे. मुलांना रंग आवडतात हे खरे. पण त्यांना ‘हा आकडा कशाचा?’ असे विचारता आले पाहिजे आणि उत्तर देणारा आकडा डब्यावर असला पाहिजे.

यात रंगवणाऱ्यांना वाटेल की मी गेरूच्या नावाखाली त्यांचा उत्साह मोडतो आहे, आणि जसे आहे तसे राखू म्हणणाऱ्यांना वाटेल की मी अखेर ब्रश हाती दिलाच. दोघांचीही नाराजी मी पत्करतो. पाऊस जूनमध्ये येणारच आहे, आणि मतभेद मिटेपर्यंत तो थांबणार नाही.

कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज या पट्ट्यात अनेक घरांत छोट्या गाडीची जुनी छायाचित्रे असतील. कुणाच्या वडिलांची दुरुस्तीच्या नोंदींची वही असेल, कुणाकडे डब्यावर अक्षरे काढायचा पत्र्याचा साचा असेल, आणि ती अक्षरे रंगवलेले काही हात अजून हयात असतील. त्या वस्तू ट्रंकेतून बाहेर काढा, त्या माणसांशी बोलून सांगितलेले लिहून घ्या, आणि एकेक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. तुमच्या स्टेशनातल्या वाघिणीला पुढचा हात लागण्याआधी एवढे करा.