तळाचा गाळ कोण काढतो?

साहित्यात पाणी दिसले की आमच्याकडचा समीक्षक लगेच हात जोडतो. पाणी म्हणजे नेणीव, पाणी म्हणजे गर्भ, पाणी म्हणजे काळ, आणि यांतले काहीच जमले नाही तर पाणी म्हणजे मृत्यू. नदी, समुद्र, विहीर यांच्या बाबतीत हे एकवेळ चालवून घेता येईल. परंतु हीच पोथी जेव्हा अमेरिकी उपनगरातल्या घरामागच्या पोहण्याच्या तलावालाही लावली जाते, तेव्हा आम्हांला आक्षेप घ्यावासा वाटतो. हा तलाव म्हणजे निसर्ग नव्हे. त्यातले पाणी आपोआप नितळ राहत नाही. ऐन उन्हाळ्यात काही दिवस त्याकडे दुर्लक्ष करा, ते हिरवे पडू लागते. ते नितळ दिसते याचे कारण कोणीतरी ते नितळ केलेले असते. ज्या वाचनात हा 'कोणीतरी' नाही ते वाचन केवळ अपुरे नव्हे, चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते मांडायचे तर आधी तलावाच्या तळाशी जायला हवे.

तळाशी काय असते? धूळ, पाने, मेलेले किडे, मेलेले शेवाळ. पंप आणि फिल्टर चालू असले तरी त्यांची ओढ तळावर बसलेल्या गाळापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. तो हाताने ओढून घ्यावा लागतो. या कामाला एक क्रम आहे. प्रथम भिंती ब्रशने घासायच्या आणि सुटलेली घाण खाली बसू द्यायची. पंपाची आणि स्किमरची टोपली रिकामी करायची. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत आहे ना, हे पाहायचे. मग लांब दांड्याला व्हॅक्यूमचे तोंड आणि त्याला नळी जोडून ते तळावर सोडायचे. यानंतरची पायरी नवशिका हमखास गाळतो: नळीतली हवा काढायची. नळीचे मोकळे टोक तलावात पाणी परत सोडणाऱ्या छिद्रापाशी धरायचे. नळी पाण्याने भरते आणि दुसऱ्या टोकातून बुडबुडे निघतात. ते थांबले की मोकळे टोक पाण्याबाहेर न काढता स्किमरमधल्या ओढीच्या तोंडाला जोडायचे. हवा आत राहिली तर पंपाची ओढ तुटते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

आता प्रत्यक्ष काम. उथळ बाजूकडून खोल बाजूकडे, सरळ पट्ट्यांत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत, आणि अतिशय सावकाश. घाई केली की गाळ उठतो, पाणी ढगाळ होते आणि तो पुन्हा बसेपर्यंत हात बांधून थांबावे लागते. गाळ जाड असेल तर तो फिल्टरमधून जाऊ द्यावा. मात्र मेलेल्या शेवाळाची भुकटी असेल तर वाळूचा फिल्टर ती पुरती अडवत नाही. ती फिरून तलावात येते. अशा वेळी पंप बंद करून व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर वळवायचा, म्हणजे घाण पाण्यासकट बाहेर जाते. पातळी उतरते, ती नंतर भरून काढायची. शेवटी दाबमापक पाहायचा: स्वच्छ फिल्टरच्या दाबापेक्षा काटा आठ-दहा पीएसआय वर गेला असेल तर उलटा प्रवाह सोडून फिल्टर धुवायचा. हे सारे दर आठवड्याला.

साहित्याच्या वाचकाने हा तपशील का सोसावा? उत्तरासाठी जॉन चीव्हरची 'द स्विमर' ही कथा घेऊ. ती १८ जुलै १९६४च्या 'न्यूयॉर्कर'मध्ये आली. १९६८ साली बर्ट लँकास्टरला घेऊन तिच्यावर चित्रपटही निघाला. नेडी मेरिल हा उपनगरातला सुखवस्तू माणूस शेजाऱ्यांच्या तलावांतून पोहत पोहत घरी जायचे ठरवतो, त्या तलावांच्या माळेला बायकोचे नाव देतो, आणि वाटेत त्याचे यौवन, पत आणि घर नाहीसे झाल्याचे उघड होत जाते. ओडिसीची उलटी आवृत्ती, कालप्रवाहाचे रूपक, मध्यमवयाचे संकट: या कथेवरचे ठरीव निबंध बहुधा या तीन खुंट्यांना टांगलेले असतात. खोटे यातले काही नाही. पण चीव्हर काय पाहत होता ते यात कुठेच नाही.

चीव्हर पाणी नुसते 'पाणी' म्हणून सोडून देत नाही. पहिल्या तलावाला खोल विहिरीचे लोहयुक्त पाणी आहे, म्हणून तो फिकट हिरवा आहे. बंकरांच्या मेजवानीतले पाणी नीलमण्याच्या रंगाचे आहे आणि काठावर पांढऱ्या कोटातली माणसे थंड जिन वाटत फिरत आहेत. हॅलोरनांचा तलाव बहुधा परगण्यातला सर्वांत जुना, दगडी, ओढ्यावर भरणारा. त्याला ना फिल्टर ना पंप, आणि त्याचे पाणी ओढ्यासारखेच गढूळ सोनेरी आहे. ज्यांची श्रीमंती जुनी आणि निश्चिंत आहे त्यांना पाणी नितळ असल्याचे कोणाला दाखवावे लागत नाही, असा अर्थ आम्ही यातून काढतो. वेल्चरांचा तलाव कोरडा आहे आणि घर विकायला काढलेले आहे. लोक उन्हाळ्यात बाहेरगावी जातात, पण तलाव कोणी रिकामा करत नाही, हे नेडीला ठाऊक आहे. म्हणजे तिथे आटले ते काळाचे प्रतीक नव्हे, देखभालीचा पैसा आटला आहे. फिल्टर आणि पंप हे शब्द लेखकाने स्वतः लिहून ठेवले असताना ते ओलांडून थेट ओडिसीला जाणारा वाचक खोल गेला असे आम्ही मानत नाही. त्याने गाळ उठवला, इतकेच.

मात्र चीव्हरकडेही एक जागा रिकामी राहते. जिन वाटणारा दिसतो, तळ ओढणारा दिसत नाही. डेव्हिड हॉकनीच्या 'अ बिगर स्प्लॅश' (१९६७) या चित्रातही तेच. दोन क्षणांत विरणारे ते शिंतोडे रंगवायला आपल्याला सुमारे दोन आठवडे लागले, असे हॉकनी सांगत असे, आणि चित्रकाराच्या या श्रमाचे कौतुक सर्वांना आहे. पण त्या निळ्या पृष्ठाखालचे श्रम पाहायला २०१३ साल उजाडावे लागले. मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबात वाढलेल्या आणि लॉस एंजेलिसमध्ये घरकामाची नोकरी केलेल्या जे लिन गोमेझ यांनी तेच घर, तोच तलाव पुन्हा रंगवला. शिंतोडे नाहीत, लांब दांडा घेतलेला एक माणूस आणि घर साफ करणारी एक बाई आहे. चित्राचे नाव 'नो स्प्लॅश'. हॉकनीवरच्या कित्येक निबंधांपेक्षा अधिक समीक्षा या एका चित्रात आहे.

हे केवळ श्रमाच्या हिशेबापुरते असते तर आम्ही इथेच थांबलो असतो. पण पाणी साफ ठेवण्याची भाषा फार लवकर माणसांवर घसरते. चीव्हरचा नेडी सार्वजनिक तलावात उतरताना आपण विटाळू की काय या भीतीने तोंड वाकडे करतो. ही कथा छापून येण्याच्या बरोबर एक महिना आधी, १८ जून १९६४ रोजी, फ्लॉरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळे आणि गोरे आंदोलक मिळून मॉन्सन मोटर लॉजच्या तलावात उतरले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने पाण्यात म्युरिॲटिक ॲसिड ओतले. ते ॲसिड तलाव साफ करण्यासाठीच वापरले जाते. पुढे न्यायालयांनी तलाव सर्वांना खुले करायला सांगितल्यावर मिसिसिपीतल्या जॅक्सनसारख्या शहरांनी ते बंदच करून टाकले, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केले. घरामागचा खाजगी तलाव या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. नगरपालिकेने ठराव करून खुल्या केलेल्या महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो अस्पृश्य पाणी प्याले, आणि त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे एकशे आठ घडे ओतून ते तळे 'शुद्ध' केले. पाण्यात घाण टाकली आणि तिला शुद्धी म्हटले. स्वच्छता आणि शुद्धी या दोन शब्दांमधले अंतर याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. स्वच्छतेला गाळ काढायचा असतो. शुद्धीला माणूस काढायचा असतो. स्वच्छता करणाऱ्याला आपण काय काढतो आणि ते कुठे टाकतो हे माहीत असावे लागते. शुद्धी करणाऱ्याला मंत्र पुरतो. आणि पाणी दिसताच 'नेणीव' म्हणणारी समीक्षा, तिला हे रुचो न रुचो, मंत्रच म्हणत असते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मग साहित्याच्या विद्यार्थ्याने आता नळकाम शिकायचे काय? त्याने बोटीच्या कादंबरीसाठी शिडे आणि शेतीच्या कवितेसाठी नांगर शिकलेले बरे, इतकेच आम्ही म्हणू. त्याने कोणाचे रसग्रहण बिघडल्याचे ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप, हे काम आता यंत्र करते. तळावर आपोआप फिरणारी यंत्रे आहेत खरी. त्यांच्या जाळ्या मात्र अजून कोणीतरीच धुतो.

प्रतीकाला आमचा विरोध नाही. आमचा विरोध वस्तू न पाहता प्रतीकाकडे धावण्याला आहे. तेव्हा पुढच्या वेळी वर्गात हा तलाव शिकवायला निघेल तेव्हा 'हे पाणी कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी विचारावे: या पाण्याला फिल्टर आहे का? तळ कोण ओढतो? त्याला या पाण्यात उतरता येते का? ही उत्तरे हाती आल्यावर प्रतीक उरले तर ते खुशाल घ्यावे. उरले नाही, तर ते तिथे नव्हतेच.