स्वरक्तदान: कोणासाठी आणि किती आधी

नियोजित शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी रुग्णाने स्वतःचेच रक्त रक्तपेढीत ठेवायचे आणि गरज पडल्यास तेच त्याला परत चढवायचे, या स्वरक्तदानाच्या पद्धतीला १९८०च्या दशकात एड्सच्या भीतीने जो बहर आला, तो दात्यांच्या रक्ताच्या विषाणूचाचण्या भरवशाच्या होत गेल्या तसा ओसरला, आणि ते बहुतांशी योग्यच झाले. भीतीच्या भरात लोहाचा हिशेब मांडायचा राहून गेला होता: ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते, ते भरून निघण्याआधीच शस्त्रक्रिया झाली तर रुग्ण आपल्याच दानामुळे रक्तक्षयी होऊन टेबलावर येतो, आणि त्याला रक्त लागण्याचा संभव उलट वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असलेल्या देशात हा हिशेब फारच महागात पडतो.

तरीही पद्धत मोडीत काढता येत नाही, आणि त्याचे सर्वांत ठळक कारण मुंबईतच सापडलेले आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ प्रतिजन, म्हणजे ज्याच्या पायावर ‘ए’ आणि ‘बी’ घडतात ती मूळ रचनाच, नसते; त्यांच्या रक्तद्रवात मात्र एचविरोधी प्रतिपिंडे असतात, त्यामुळे सर्वांना चालणारे म्हणून ओळखले जाणारे ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना घातक ठरते. पेशींच्या चाचणीत हा गट हुबेहूब ‘ओ’ दिसतो; रक्तद्रवाची उलट चाचणी ‘ओ’ पेशी घेऊन केली तरच तो उघड होतो. (ही चाचणी वेळखाऊ म्हणून टाळणे हा काटकसरीचा सर्वांत धोकादायक प्रकार होय.) अशा रुग्णांच्या आणि अनेक प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेल्यांच्या बाबतीत स्वरक्तदान हाच कित्येकदा व्यवहार्य मार्ग उरतो.

मात्र त्यासाठी गट शस्त्रक्रियेची तारीख ठरतानाच तपासला गेला पाहिजे. हिमोग्लोबिन साधारण ११ ग्रॅमच्या खाली नसावे आणि लोह दानाआधीच सुरू व्हावे. शेवटचे दान किमान ७२ तास आधी, हा नियम रक्ताचे आकारमान सावरण्यापुरता आहे, पेशी भरून येण्याला आठवडेच लागतात. दुसरीकडे पिशवी ३५ दिवस, पोषक द्रावण मिसळलेले असल्यास ४२ दिवस टिकते, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तरी ही मुदत थांबत नाही. म्हणून तारीख बदलताना शल्यचिकित्सकाने पहिला निरोप रक्तपेढीला धाडावा.