ओव्हरलोड उसाचा जबाब एकट्या गाडीवाल्यानंच का द्यायचा?



आज हुमणी नाही, खोडवा नाही, पाचट पण नाही. गळीत हंगाम तोंडावर आलाय. बॉयलर पेटतील, टोळ्या उतरतील आणि महिनाभरात आपले रस्ते रात्रीचे उसाच्या गाड्यांनी भरून जातील. म्हणून हे आधीच लिहितोय. अपघात झाल्यावर लिहायला सगळेच बसतात, पण तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या गावचा बावीस वर्षांचा पोरगा गेला. रात्री नऊ-साडेनऊची वेळ. भरलेल्या ट्रॉलीचा टायर फुटला म्हणून ती डांबरावरच उभी केलेली. ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडवून टायर बघायला पुढं गेलेला. चाकाला दोन दगड लावलेले, मागं दिवा नाही. रिफ्लेक्टर होता, पण चिखलानं माखलेला आणि वरून उसाची टोकं लोंबलेली. समोरून एक चारचाकी आली, तिचा उजेड डोळ्यावर पडला आणि पोरगा सरळ ट्रॉलीत घुसला.

आता दुसरी बाजू. त्या ट्रॉलीचा मालक काही बडा ट्रान्सपोर्टवाला नाही. तोही आपल्यातलाच, अडीच एकरवाला. ट्रॅक्टर कर्जावर, टोळीला दिलेली उचल अंगावर, मुकादमानं निम्मी माणसं आणलेली. आज त्या दोन्ही घरांत चूल पेटते म्हणजे नुसती पेटते. एक घर पोरगा गेला म्हणून कोर्टात, दुसरं घर ट्रॅक्टर आपला म्हणून कोर्टात. आणि ज्याच्यासाठी तो ऊस रात्री रस्त्यावर होता, त्या कारखान्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे.

आधी हिशोब मांडतो, कारण आपल्या लोकांना दाव्याचा हिशोब माहीत नसतो. लग्न न झालेला बावीस वर्षांचा पोरगा, कमाई महिन्याला १२,००० धरली असं समजा. स्वतःचा धंदा किंवा शेती करणारा चाळीसच्या आतला असेल तर पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, म्हणजे १६,८००. अविवाहित म्हणून निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, उरले ८,४००. वर्षाचे १,००,८००. या वयाला गुणक १८. झाले १८,१४,४००. वर अंत्यविधी वगैरेची थोडी रक्कम. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी घालून दिलेली आहे.

यात शेतकऱ्याची एक गोम आहे. नोकरदाराची पगाराची स्लिप असते, आपल्याकडे सातबारा. तो दाखवला की समोरचा वकील म्हणतो, जमीन तर वारसांकडेच राहिली, बुडालं ते फक्त राबणाऱ्याचं आणि देखरेखीचं. न्यायालयांनी हे म्हणणं मान्यही केलेलं आहे. म्हणून दूध डेअरीची बिलं, ऊसबिलाची नोंद असलेलं पासबुक, पोरगा ट्रॅक्टर किंवा ड्रिपची कामं करत असेल तर त्याचे जमा झालेले पैसे, हे सगळं जपून ठेवायला लागतं.

हे अठरा लाख देणार कोण? विमा कंपनी, असं आपण धरून चालतो. पण विमा कंपनीचा वकील पहिल्या तारखेपासून पळवाट शोधतो. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी घेतलाय आणि गाडी भाड्याच्या वाहतुकीला लावलीय. ट्रॉलीची नोंदणी आहे का, विम्यात ती धरलीय का. ड्रायव्हरचं लायसन्स कसलं आहे. यातलं काही सापडलं तर बऱ्याचदा कोर्ट सांगतं, आधी तुम्ही भरा आणि मग मालकाकडून वसूल करा. मेलेल्याच्या घराला पैसे मिळतात, ते बरंच आहे. पण नंतर वसुली येते ती अडीच एकरवाल्यावर. विमा नसलाच तर थेट त्याच्यावर. अठरा लाख म्हणजे त्यानं काय विकायचं ते मी सांगायला नको.

ड्रायव्हरचं वेगळंच. पूर्वी निष्काळजीपणानं मृत्यूला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं, आता पाच वर्षांपर्यंत आहे. अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांचं जे पोटकलम होतं, त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला, पंपावर रांगा लागल्या, आठवत असेल. नवा कायदा सुरू करताना ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. माझं मत विचाराल तर पळून जाणाऱ्याला माफी नको. पण जमाव मारायला उठला म्हणून जो थांबू शकत नाही, त्याची अडचण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही मानलेली आहे. अशानं तडक पोलीस ठाणं गाठावं. आणि गाववाल्यांनी ड्रायव्हरला बडवायच्या आधी जखमीला उचलावं. कलम १३४अ मुळे मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

ओव्हरलोड कोण करतं? गाडीवाला, हे झालं सोपं उत्तर. पण वाहतुकीचा दर टनावर आहे. डिझेल खेपेला लागतं, पैसे टनाला मिळतात. मग जो तो त्याच खेपेत दोन टन जादा कोंबणारच. आमच्याकडं दोन ट्रॉल्यांत मिळून वीस-बावीस टन सहज जातात आणि गाडीच्या कागदावर किती लिहिलंय ते कुणी बघत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. एवढं वजन उतारावर मागून ढकलतं तेव्हा ट्रॅक्टरचा ब्रेक म्हणजे पायाखालची एक पट्टी, बाकी काही नाही. चढाला पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हातात नुसतंच फिरतं. त्यात ड्रायव्हर अठरा तास जागा, झोप येऊ नये म्हणून डेक मोठ्यानं लावलेला. त्या डेकमुळं त्याला मागच्याचा हॉर्न पण ऐकू येत नाही.

रात्रीच का? तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, हे इथल्या कृषी पदवीधरांना मी सांगायला नको. तोड संध्याकाळी संपते, भरायला अंधार होतो, कारखान्याला गाळप थांबवायचं नसतं. कुठल्या प्लॉटला टोळी कधी लावायची ते शेतकी ऑफिस ठरवतं, चिटबॉय चिठ्ठी देतो, गाडीला कारखान्याचा कोड असतो. म्हणजे गाडी कुठं जाणार, कधी जाणार, काय भरणार, कुठं खाली करणार हे सगळं कारखान्याच्या हातात. रस्त्यावर माणूस मेला की मात्र गाडी ‘स्वतंत्र कंत्राटदाराची’.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, काटा. भरलेली गाडी काट्यावर येते, रिकामी काट्यावर येते. एकेका गाडीचं वजन, तारीख आणि वेळेसकट, कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. आपण काटामारीवर मोर्चे काढतो, ते बरोबरच आहे. पण काटा चोख असला तरी त्या पावतीवर आणखी एक गुन्हा रोज छापून येतो, तो आपण वाचत नाही. आरटीओच्या माणसाला ओव्हरलोड पकडायला रस्त्यावर उभं राहून गाडी काट्याला न्यावी लागते. कारखान्याकडं ते दर पाच मिनिटाला आयतं येतं.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९४. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. सहा टन जादा असेल तर ३२,०००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढं न्यायची नाही. मला भावतो तो त्या कलमातला पहिला शब्दसमूह. तिथं नुसता चालवणारा म्हटलेलं नाही. चालवणारा, चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा, असे तिघं आहेत. आणि गुन्हा कंपनीचा असेल तर कारभार बघणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं, ते कलम १९९. म्हणजे नवा कायदा मागायची गरजच नाही. आहे तो काट्यापर्यंत न्यायचा आहे. रोज जादा वजन मोजायचं, त्यावर पैसे काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला पुन्हा चिठ्ठी द्यायची, याला ‘चालवू देणं’ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

भरपाईतही वाट आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात राजस्थानच्या एसटी महामंडळाचं प्रकरण होतं. बस खासगी मालकाची, ड्रायव्हर पण त्याचाच, पण भाड्यानं महामंडळाकडं चालत होती आणि ताबा-हुकूम महामंडळाचा होता. न्यायालयानं महामंडळाला जबाबदार धरलं. कारखान्याच्या बाबतीत असाच निकाल लागेल असं मी म्हणत नाही, तो वकिलाचा विषय. पण दावा लावताना कारखान्याला पक्षकार करायचं का, एवढा प्रश्न तरी वकिलाला विचारा. आणि काट्याच्या पावतीची प्रत, वाहतूक कराराची प्रत मागवायला लावा. आपल्याकडं दावे नुसते ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी यांच्यावर लागतात, कारण छापील नमुना तसाच असतो.

यावर माझ्याच वस्तीवरचे लोक म्हणतील, वजन कमी भरलं तर खेपा वाढणार, वाहतूक खर्च वाढणार आणि तो शेवटी आपल्याच बिलातून कापणार. खरं आहे. एफआरपीतून तोडणी-वाहतूक आपलीच वजा होते. म्हणूनच तर बोलायचा हक्क आपला आहे. त्या वाहतुकीचे पैसे आपण देतो. टनाला थोडे जादा कापले तर मला चालतील, फक्त दर असा बांधा की कायद्यातल्या वजनावर गाडीवाल्याचं घर चाललं पाहिजे. आज आपण स्वस्त वाहतूक म्हणतो ती स्वस्त नाही, तिचे उरलेले पैसे रात्रीचा मोटारसायकलवाला भरतो.

कारखाने काहीच करत नाहीत असंही नाही. हंगामाच्या सुरुवातीला पोलीस आणि कारखाना मिळून रिफ्लेक्टर चिकटवतात, फोटो येतो. चांगलं आहे. पण जानेवारीत तो रिफ्लेक्टर चिखलाखाली गेलेला असतो तेव्हा कोण बघतं? मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर दिसल्याशिवाय काट्यावर गाडी घ्यायची नाही, एवढा नियम चार दिवसांत सगळ्यांना सरळ करेल. कारण रांगेतून बाहेर काढलेली गाडी म्हणजे बुडालेली खेप, ही भाषा सगळ्यांना कळते. टायर फुटलेल्या गाडीसाठी प्रत्येक गटात एक जीप, एक जॅक आणि चार चमकणारे त्रिकोण ठेवायला किती खर्च आहे? आणि हो, टायर बदलून झाल्यावर चाकाचे ते दगड रस्त्यावरून काढा रे बाबांनो. ट्रॉली गेल्यावर मागं राहिलेल्या दगडानंही माणसं पडतात.

आता ज्यांच्या घरावर वेळ आलीय त्यांच्यासाठी घाईत. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावा, उगाच तेराव्यानंतर बघू, वर्षश्राद्धानंतर बघू करू नका. दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, त्याची चौकशी करा. जखमीला दवाखान्यात नेलं तर २०२५ च्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत, ते तिथंच विचारा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला २ लाख, गंभीर जखमीला ५०,००० मिळतात. शिवाय आपली गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना, मृत्यूला २ लाख, त्याचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात ३० दिवसांत.

गाडीवाल्या भावांनो, तुम्ही पण आरसी, ट्रॉलीचे कागद आणि विमा पॉलिसी आज रात्रीच काढून बघा. पॉलिसीवर वापर कशासाठी लिहिलाय तेवढी एक ओळ वाचा. भाड्याची वाहतूक त्यात बसत नसेल तर हंगामाआधी बदलून घ्या, जादा हप्ता लागला तरी. टोळीतल्या बायका-पोरांना उसावर किंवा ट्रॉलीत बसवून नेऊ नका. माल वाहतुकीच्या गाडीत बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनी सहसा नाकारते.

आपल्या कारखान्याचे सभासद आपण. सभेत दराचा प्रश्न चार जण विचारतातच, मी यंदा दुसरा विचारणार आहे. काट्याच्या पावतीवर निव्वळ वजनाच्या शेजारी त्या गाडीचं कायद्यातलं कमाल वजन छापा. फक्त छापा. मग फरक किती ते प्रत्येकाला दिसेल, पोलिसाला दिसेल, कोर्टाला दिसेल. सूचक म्हणून माझी सही तयार आहे. अनुमोदक कोण होतंय, ते खाली गावाच्या नावासकट लिहा.